तळं नकाशातून पुसलं, पण गेलं नाही



गटाच्या बैठकीत सातबारा निघाला की आपण सगळ्याजणी पुढे सरकतो. गट नंबर कोणता, नाव कोणाचं लागलंय, बोजा किती, विहिरीची नोंद आहे का, हे आता आपल्याला वाचता येतं. पण जमिनीचा आणखी एक कागद असतो आणि तो आपल्या हातात सहसा येत नाही. सरकारी माणसं त्याला टोपोशीट म्हणतात. आपण त्याला जमिनीच्या चढउताराचा नकाशा म्हणू. आज त्याच नकाशाबद्दल बोलायचं आहे. गोष्ट मात्र आपल्याकडची नाही, लांबची आहे. अमेरिकेतल्या एका जिल्ह्याची. तिथे जमिनीवर शेती आहे, खाली तेल आहे आणि पाण्यावरून भांडण आहे.

आधी हा नकाशा कसा असतो ते बघू. पाणलोटाच्या कामात ज्यांनी समतल चर खणलेत त्यांना हे लगेच कळेल. ए-फ्रेम घेऊन आपण डोंगराच्या अंगावर एका उंचीचे बिंदू शोधतो आणि त्यांना जोडून फक्कीची रेघ मारतो. तशाच रेघा कागदावर काढल्या की झाल्या समोच्च रेषा. रेघा जवळजवळ असतील तिथे चढ उभा, लांब लांब असतील तिथे जमीन सपाट. या रेघा तपकिरी असतात. पाणी निळं, माणसाने बांधलेलं काळं, झाडी आणि बागा हिरव्या. कुठे कुठे उंचीचा आकडा लिहिलेला असतो. आपल्याकडे हे काम भारतीय सर्वेक्षण विभाग करतो, १७६७ पासून. अमेरिकेत त्यासाठी १८७९ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खातं निघालं आणि १८८४ पासून त्याने सगळ्या देशाचे असे नकाशे करायला घेतले. आपल्या जुन्या टोपोशीटसारखंच त्यांचंही माप होतं, जमिनीवरचा साधारण एक मैल म्हणजे कागदावर एक इंच.

या नकाशांचं एक वैशिष्ट्य असं की दर काही वर्षांनी तोच भाग पुन्हा मोजून नवा नकाशा छापतात. जुना रद्द होतो, पण जपून ठेवला तर तो त्या वर्षाचा साक्षीदार असतो. अमेरिकेने आपले असे पावणेदोन लाखांहून जास्त जुने नकाशे आता सगळ्यांना फुकट बघायला ठेवले आहेत. एकाच जागेचे चार-पाच काळातले नकाशे शेजारी शेजारी मांडले की काय काय झालं ते कळतं. काय लपवलं तेही कळतं.

आपला आजचा जिल्हा आहे कर्न. कॅलिफोर्निया राज्यात, सॅन होआकिन नावाच्या लांबलचक खोऱ्याच्या दक्षिण टोकाला. केवढा मोठा? महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, त्याहूनही मोठा. पूर्वेला सिएरा नेवाडाचे बर्फाचे डोंगर, पश्चिमेला आणि दक्षिणेलाही डोंगर, मध्ये परातीसारखी सपाट जमीन. बेकर्सफिल्ड हे तिथलं मुख्य शहर. तिथे वर्षाला पाऊस पडतो जेमतेम १५०–१६० मिलिमीटर. आपल्या माणदेशातल्या बाईलासुद्धा हा आकडा ऐकून नवल वाटेल. पण डोंगरावरचा बर्फ वितळला की नद्या भरून खाली येतात. त्यातली एक कर्न नदी. तिला हे नाव मिळालं एडवर्ड कर्न या माणसावरून. १८४५ च्या एका मोहिमेत तो नकाशे आणि चित्रं काढायला होता. म्हणजे नदीला आणि पुढे जिल्ह्याला नाव मिळालं ते नकाशा काढणाऱ्याचं. नदीकाठी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचं नाही.

राहणारे होते योकुट्स लोक. त्यांच्या अनेक शाखा. परातीसारख्या खोऱ्यात नद्यांचं पाणी साठून मोठी तळी होत. कर्न जिल्ह्यात कर्न तळं आणि ब्युएना व्हिस्टा तळं, त्यांच्या उत्तरेला टुलेअरी तळं. हे टुलेअरी तळं भरल्या वर्षी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं तळं असे. १८७९ च्या सुमारास ते १,७०० चौरस किलोमीटरवर पसरलं होतं असं सांगतात. काठाने उंच लव्हाळा. त्या लव्हाळ्याच्या चटया, घरं, होड्या. योकुट्स बायका टोपल्या विणण्यात नावाजलेल्या होत्या. जमिनीतून आपोआप झिरपून वर येणारं डांबर त्या लोकांना माहीत होतं, वस्तू चिकटवायला आणि पाणी अडवायला ते वापरत. म्हणजे तेलाचा पत्ता त्यांना आधीपासून होता. त्यांनी त्यासाठी जमीन पोखरली नाही, एवढंच.

१८५१–५२ मध्ये अमेरिकी सरकारच्या माणसांनी कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांशी १८ करार केले. तुम्ही ही जमीन सोडा, त्या बदल्यात अमुक जमीन तुमची, असे. वॉशिंग्टनच्या सिनेटने ते सगळे करार फेटाळले आणि कागद गुप्त ठेवले. १९०५ पर्यंत ते बाहेर आले नाहीत. लोकांची जमीन तर गेली होतीच. त्यामुळे पुढे सर्वेक्षणवाले तिपाई आणि फळी घेऊन मोजायला आले, तेव्हा त्यांच्या लेखी ती जमीन मोकळी होती. मैलामैलाचे चौकोन आखले, त्यांना नंबर दिले. आपल्या सर्वे नंबरसारखे. ज्याचा नंबर त्याची जमीन.

आता पाण्याकडे येऊ. सरकारचं तेव्हाचं धोरण असं होतं की दलदलीची जमीन जो कोरडी करेल त्याला ती स्वस्तात मिळेल. बेकर्सफिल्ड ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते थॉमस बेकरही दलदल हटवायच्या कामासाठीच १८६३ मध्ये तिथे आले. मग मोठे धनवान आले. एका बाजूला मिलर आणि लक्स ही गुरांच्या व्यापारातली जोडी, त्यांची जमीन नदीच्या खालच्या अंगाला. दुसऱ्या बाजूला हॅगिन, त्यांचे कालवे वरच्या अंगाला. वरच्याने पाणी उचललं तर खालच्याने काय करायचं? आपल्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याचं जे दुखणं, तेच. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८८६ मध्ये निकाल खालच्यांच्या बाजूने लागला. पण खरा शेवट दोन वर्षांनी झाला. दोघा बड्यांनी आपसात बसून नदीचं पाणी वाटून घेतलं आणि ब्युएना व्हिस्टा तळं साठवणीसाठी वापरायचं ठरवलं. त्या बैठकीत लहान शेतकरी नव्हता, मजूर नव्हता आणि योकुट्स तर नव्हतेच.

नद्यांचं पाणी कालव्यांत वळलं तसतशी तळी आटली. टुलेअरी तळं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोरडं पडलं. १९५३ मध्ये कर्न नदीवर इसाबेला धरण पुरं झालं आणि ब्युएना व्हिस्टाच्या तळातही शेती आली. जुन्या नकाशात जिथे निळा रंग, तिथे नव्या नकाशात सरळ रेघांचे कालवे आणि शेतं. पण नाव बघा कसं बदललं. ‘ब्युएना व्हिस्टा तळं’ होतं, त्याचं झालं ‘ब्युएना व्हिस्टा तळ्याचा तळ’. तसंच कर्न तळ्याचं, तसंच टुलेअरीचं. नकाशाने एवढी कबुली दिली की इथे कधीतरी पाणी होतं.

आता तेल. १८९९ मध्ये बेकर्सफिल्डजवळ कर्न नदीच्या काठी बापलेकांनी हाताने विहीर खणली. आपण पाण्यासाठी खणतो तशी, कुदळ-फावड्याने. तिला तेल लागलं. बातमी फुटली आणि माणसांची रीघ लागली. १९०३ मध्ये कॅलिफोर्निया तेलाच्या बाबतीत अमेरिकेत पहिल्या नंबरचं राज्य झालं. जिल्ह्याच्या पश्चिमेला टाफ्ट आणि मॅरिकोपा या गावांच्या पट्ट्यात तर त्याहून मोठं तेल सापडलं. मार्च १९१० मध्ये तिथे लेकव्ह्यू नावाच्या विहिरीतून तेल असं उसळलं की कोणाला आवरेना. वाळूची पोती रचून बांध घातला, तेलाचंच तळं झालं. पुढचे १८ महिने ते वाहत होतं. सुमारे ९० लाख पिंपं तेल बाहेर आलं. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. त्यातलं निम्म्याहून कमी हाती लागलं, बाकीचं जमिनीत मुरलं नाहीतर उडून गेलं.

नकाशावर तेलविहिरीची खूण म्हणजे एक छोटं वर्तुळ. उघड्या टेकड्यांवर अशी वर्तुळं दाटली, नंतर शेतांच्या मधोमधही आली. आजही तिथे बागेशेजारी तेलाचा पंप मान वरखाली करताना दिसतो. पण तेल एकटं येत नाही. त्याच्यासोबत त्याच्या कितीतरी पट पाणी वर येतं, खारट, तेलकट. काही ठिकाणी ते स्वच्छ करून शेतीला देतात, काही ठिकाणी खड्ड्यांत सोडून दिलं गेलं. आणि तेल संपल्यावर विहिरीचं काय? नीट बुजवली नाही तर ती वायू सोडत राहते. २०२२ मध्ये बेकर्सफिल्डमध्ये घरांजवळच्या बंद पडलेल्या विहिरींतून वायू गळताना सापडला. अशा वेळी जुना नकाशा कामाला येतो. आज अंगण आहे तिथे पन्नास वर्षांपूर्वी वर्तुळ होतं का, हे त्यात बघता येतं. घरं आणि शाळांपासून ३,२०० फुटांच्या आत नवी तेलविहीर नको, असा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो याच वर्षी, २०२२ मध्ये. तोही लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणून.

आता घरांकडे बघू. या जुन्या नकाशांत गावाबाहेरचं घर म्हणजे एक बारीक काळा चौकोन. ते चौकोन मोजले तर शिवारात किती कुटुंबं राहतात याचा अंदाज येतो. या खोऱ्यात दोन गावं होती, कर्न जिल्ह्यातलं आर्विन आणि उत्तरेकडचं दिनुबा. १९४० च्या दशकात वॉल्टर गोल्डश्मिट नावाच्या अभ्यासकाने सरकारसाठी या दोन्ही गावांची तुलना केली. दोन्ही गावांत शेतीचं उत्पन्न जवळपास सारखं. फरक होता जमिनीच्या वाटणीत. दिनुबात सरासरी शेत सुमारे ५७ एकरांचं, आर्विनमध्ये सुमारे ४९७ एकरांचं. म्हणजे दिनुबात पुष्कळ लहान शेतकरी, आर्विनमध्ये थोडे मोठे मालक आणि बाकी मजूर. मग गावं कशी झाली? दिनुबात दुकानं जास्त, शाळा जास्त, बागा, संस्था, बरे रस्ते, गावाच्या कारभारात लोकांचा शब्द. आर्विनमध्ये हे सगळं तोकडं. माती सारखी, ऊन सारखं, पीकही फारसं वेगळं नाही. जमीन किती हातांत आहे यावर गावाचं गावपण ठरलं. हा अहवाल मोठ्या जमीनदारांना रुचला नाही आणि पुढच्या टप्प्याचा अभ्यास थांबवला गेला.

त्याच आर्विनजवळ १९३० च्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठून आलेल्या मजुरांसाठी सरकारने छावणी उभारली होती. जॉन स्टाइनबेक यांनी अशा मजुरांवर कादंबरी लिहिली, ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’, १९३९ साली. कर्न जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी ती सार्वजनिक ग्रंथालयांतून काढायला लावली. ग्रेचेन नीफ या तिथल्या मुख्य ग्रंथपाल बाईंनी लेखी विरोध केला. बंदी उठायला १९४१ उजाडलं. नकाशात जे दिसत नव्हतं ते पुस्तकात दिसलं, म्हणून ते खुपलं.

आणि द्राक्षं. नकाशात द्राक्षाचे मळे म्हणजे ओळीने हिरवे ठिपके. डिलॅनो हे कर्न जिल्ह्यातलं द्राक्षाचं गाव. त्या हिरव्या ठिपक्यांखाली वाकून कोण काम करतं, हे नकाशा सांगत नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये तिथल्या फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिआँग यांच्या पुढाकाराने संप केला. आठवडाभरात मेक्सिकन मजूर सामील झाले. त्यांचे नेते होते सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता. डोलोरेसबाई लेकुरवाळ्या. मळेमालकांसमोर बसून करारातली कलमं ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. संप पाच वर्षं चालला. लांबच्या शहरांतल्या बायकांनी दुकानातून द्राक्षं घेणं बंद केलं, तेव्हा मालक वाकले. १९७० मध्ये करार झाले. मजुरी वाढली, शेतात प्यायचं पाणी आणि संडासाची सोय मान्य झाली. आपल्यातल्या ज्या दुसऱ्यांच्या रानात रोजाने जातात, त्यांना या दोन सोयींचं मोल वेगळं सांगायला नको.

आता सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट. मघाशी म्हटलं ना, नकाशावर उंचीचे आकडे असतात. ते जिथून मोजले तिथे सर्वेक्षणवाले जमिनीत पितळी चकती बसवतात. डोंगर हलत नाही, चकती हलत नाही, म्हणून आकडा पक्का. पण या खोऱ्यात पुन्हा मोजणी केली तेव्हा आकडे जुळेनात. चकत्याच खाली गेल्या होत्या, कारण जमीन खचली होती. कारण बोअर. तळी गेली, नद्या वाटल्या गेल्या, मग शेतीला पाणी जमिनीखालून उपसलं. खोलवरच्या चिकणमातीच्या थरांतलं पाणी गेलं की ते थर दबतात. कापसाची गादी वापरून वापरून बसते तसे. गादी पिंजून पुन्हा फुगवता येते, ती माती फुगवता येत नाही. पुढे पाऊस कितीही पडो, तेवढी साठवण कायमची गेली. याच खोऱ्यात मेंडोटा गावाजवळ १९२५ ते १९७७ मध्ये जमीन जवळजवळ ९ मीटर खाली गेली. तिथे विजेच्या खांबाशेजारी उभ्या शास्त्रज्ञाचा एक फोटो प्रसिद्ध आहे. १९२५ ची पाटी त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर, खांबाच्या टोकाजवळ लावलेली.

उपसा कमी व्हावा म्हणून उत्तरेकडून मोठे कालवे आणले. त्यातला फ्रायंट–कर्न कालवा १९५१ मध्ये पुरा झाला, सुमारे २४५ किलोमीटरचा. पाणी उताराने आपसूक वाहत यावं अशी त्याची आखणी. पण उपसा थांबला नाही, जमीन खचतच राहिली आणि तिच्यासोबत कालवाही मध्येच खचला. जिथे तो सगळ्यात जास्त बसला तिथे त्याची पाणी वाहायची ताकद निम्म्याहून खाली आली. दुरुस्तीला कोट्यवधी डॉलर लागले. भूजल किती उपसावं यावर सगळ्या राज्याला लागू होणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो थेट २०१४ मध्ये. शंभर वर्षं उपसल्यावर.

आणि मग २०२३ उजाडलं. हिवाळ्यात वादळामागून वादळं आली, डोंगरावर बर्फाचे थर साठले, आणि नद्या कालव्यांत मावेनात. पाणी आपल्या जुन्या वाटेने खाली उतरलं आणि टुलेअरी तळं परत आलं. लाख एकराहून जास्त रान पाण्याखाली गेलं. कापूस, टोमॅटो, पिस्त्याच्या बागा, सगळं. कॉर्कोरान गावाभोवतीचा बांध घाईने वाढवावा लागला, कारण गावही उपशामुळे खचून खोलगट झालं होतं. असं पहिल्यांदा झालं नव्हतं. १९३८, १९६९, १९८३, १९९७ मध्येही तळं परत आलं होतं. दर वेळी पाणी उपसून, वाटून तळ पुन्हा कोरडा केला गेला.

शेतकऱ्यांचं नुकसान झालं, मजुरांचा रोजगार बुडाला, हे दुःख खरंच. पण तिथल्या टाची योकुट्स लोकांनी काठावर जाऊन तळ्याचं स्वागत केलं, प्रार्थना केल्या. त्यांच्या भाषेत या तळ्याचं नाव पाआशी. नकाशातून निळा रंग गेला तरी त्यांच्या तोंडात ते नाव शंभर-सव्वाशे वर्षं टिकलं होतं. पाणी कुठवर येईल, हे त्यांच्या वडीलधाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे उलटं घडलं आहे. उजनीत उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात, इथे आमचा वाडा होता. तिकडे शेताखाली तळं, इकडे पाण्याखाली गाव. दोन्हीकडे जुना नकाशा आणि जुनी माणसं यांनाच खरं ठाऊक.

म्हणून एक काम सुचवते. गाव नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे मोबाईलवरही उतरवून घेता येतात, गटातल्या शिकलेल्या मुलीला सांगा. ते घेऊन गावातल्या दोन-तीन आज्यांना सोबत घ्या आणि शिवारफेरी करा. ओढा पूर्वी कुठून जायचा, कुठला पाझर उन्हाळ्यात टिकायचा, बुजवलेली विहीर कोणाच्या रानात, बारव कुठे, कोणाची वस्ती कुठून उठवली, हे त्यांना विचारा. मग देवळासमोर किंवा शाळेच्या ओट्यावर रांगोळीने गावाचा नकाशा काढा. पाणी निळ्याने, रानं हिरव्याने. सरकारी नकाशात जे नाही ते आधी काढा. त्याचा फोटो आणि खाली नावं लिहून वही करा, आणि ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की ती वही पुढे ठेवा.

पुढच्या वेळी घर बांधायला, बोअर मारायला, ओढ्यात भर टाकायला कोणी निघालं, तर त्या वहीत बघून आपल्याला म्हणता येईल, थांब, इथे पाणी होतं.